सुभग पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुभग म्हणजे नेमका कोणता पक्षी?

चिमणीहून थोडा लहान, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १३ ते १४ सेंमी भरणारा, झाडांच्या पानांत राहणारा पिवळा-हिरवा पक्षी. इंग्रजी पुस्तकांत आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तो ‘कॉमन आयोरा’ या नावाने सापडेल. शास्त्रीय नाव एजिथिना टिफिया. लिनियसने १७५८ सालीच त्याची नोंद केली होती, म्हणजे भारतातल्या ज्या पक्ष्यांना सर्वांत आधी शास्त्रीय नाव मिळालं त्यांतला हा एक.

आयोरांचं कुळ अगदी लहान आहे, त्यात फक्त चार जाती. आपला सुभग, कोरड्या प्रदेशातला मार्शलचा सुभग, आणि आग्नेय आशियातले हिरवा व मोठा आयोरा. पूर्वी त्यांना पर्णपक्ष्यांच्या कुळात धरत. आता ते वेगळं कुळ मानलं जातं.

तो कुठे राहतो? त्यासाठी जंगलातच जावं लागतं का?

पानझडी जंगल, झुडपी रानं, जंगलाच्या कडा, आमराया, देवराया, शेताच्या बांधावरच्या बाभळी, जुनी झाडं टिकून असलेल्या वसाहती, अशा सगळ्या ठिकाणी तो असतो. घनदाट सदाहरित जंगलाच्या पोटात मात्र तो कमी दिसतो. त्याला ऊन झिरपेल अशी झाडी आवडते. भारतीय उपखंडातला बहुतेक भाग, श्रीलंका, म्यानमार, थायलंड आणि तिथून पुढे सुमात्रा, जावा, बोर्निओपर्यंत त्याचा पसारा आहे. मैदानी प्रदेश आणि कमी उंचीचे डोंगर हा त्याचा खरा मुलूख.

तो स्थलांतर करत नाही. हिवाळ्यात ‘गेला’ असं वाटतं, कारण त्या दिवसांत तो फार बोलत नाही आणि नराचा काळा रंगही उतरलेला असतो. त्याच झाडीत तो असतोच.

नर आणि मादी कशी ओळखायची?

आधी पंख पाहा. नर असो वा मादी, दुमडलेल्या पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे असतात. पोट पिवळं, पंखावर दोन पांढरे पट्टे आणि चोच सरळ, टोकदार. या तीन गोष्टी जुळल्या की बहुतेक वेळा सुभगच असतो.

विणीच्या हंगामात नराचे पंख आणि शेपटी काळीभोर, गळा आणि छाती गडद पिवळी. डोकं आणि पाठ किती काळी असेल हे प्रदेशाप्रमाणे बदलतं. दक्षिणेकडचे काही नर माथ्यापासून पाठीपर्यंत काळे होतात, इतर ठिकाणी फक्त माथ्यावर थोडा काळा रंग चढतो आणि पाठ हिरवीच राहते. म्हणून पुस्तकातल्या एकाच चित्रावर विसंबू नका. हंगाम संपला की नर पिसं बदलतो आणि वरची बाजू हिरवट होते. तेव्हा मादीशी गोंधळ होतो, पण शेपटी पाहिली की उलगडा होतो: नराची बारा महिने काळी, मादीची हिरवट.

मादी वरून हिरवी, खालून फिकट पिवळी. तिच्या पंखांचा रंग राखाडी-हिरवट असतो, त्यामुळे पांढरे पट्टे नराइतके उठून दिसत नाहीत. प्रौढ पक्ष्याच्या डोळ्याचं बुबुळ फिकट, पांढुरकं-पिवळसर असतं. दुर्बिणीतून जवळून पाहायला मिळालं तर ही खूण पक्की.

कोणत्या पक्ष्यांशी गल्लत होते?

चष्मेवाल्याशी सगळ्यात जास्त. तोही पिवळा-हिरवा, तोही पानांत फिरणारा. पण त्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, पंखावर पट्टे नसतात, आणि तो थव्याने फिरतो. सुभग एकेकटा किंवा जोडीने. शिंजिराच्या मादीची चोच लांब आणि खाली वाकलेली असते. पर्णपक्षी आकाराने मोठा, गर्द पोपटी आणि पट्ट्यांविना. निखाराची मादी सडपातळ, लांब शेपटीची, पाठीवर राखाडी, आणि ती फांदीवर ताठ बसते. ‘छोटा हळद्या दिसला’ असं सांगणारे पुष्कळ जण भेटतात. हळद्या साळुंकीएवढा असतो आणि त्याची चोच गुलाबी-लाल असते.

कच्छ, राजस्थान अशा कोरड्या भागांत मार्शलच्या सुभगाची शक्यता लक्षात ठेवावी. त्याच्या शेपटीच्या टोकाला भरपूर पांढरा रंग असतो. शेपटी नीट पाहिल्याशिवाय किंवा फोटो मिळाल्याशिवाय ही नोंद करू नये. एक बरं आहे, तो उडताना शेपटी पसरतो तेव्हा ते पांढरं लपत नाही.

आवाज ऐकू येतो, पक्षी दिसत नाही. असं का?

सुभगाबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. त्याची मुख्य शीळ एकाच पट्टीत लांबवत नेलेली असते आणि शेवटी एकदम खाली उतरते: ‘वीऽऽऽऽ-टू’. कानाला दिशा ओळखायला आवाजाची तुटक, धारदार सुरुवात लागते. ही शीळ अलगद सुरू होते, तीही पानांच्या दाटीतून येते, त्यामुळे ती एकाच वेळी समोरून आणि बाजूने आल्यासारखी वाटते.

दुसरं कारण त्याच्या चालीत आहे. तो खोडावर किंवा उघड्या जाड फांदीवर फारसा येत नाही. डहाळ्यांच्या टोकांना, पानांच्या गुच्छांत, कधी उलटा लोंबकळत तो अळ्या शोधत असतो. हिरव्या पानांवर ऊन पडलेलं असताना त्याचा पिवळा रंग त्यात मिसळून जातो.

त्याला शोधताना एक क्रम पाळला तर यश येतं. आवाज आला की चालणं थांबवा. दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका, नुसत्या डोळ्यांनी झाडाचा बाहेरचा घेर न्याहाळा. वारा नसताना हलणारं पान शोधा, पक्षी शोधू नका. शिळेच्या अधूनमधून तो ‘चिट-चिट-चिट’ असे तुटक स्वर काढतो. दिशा त्यांवरून धरा. पान हललं की नजर तिथेच खिळवून ठेवत दुर्बीण वर आणा. सूर्य पाठीमागे असावा, नाहीतर पक्षी दिसूनही नुसता काळा ठिपका उरतो. अशा दाट पानांत दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा आठपट दाखवणारी सोयीची, कारण तिच्यात झाडाचा जास्त भाग मावतो आणि हात थरथरल्याचा त्रास कमी होतो. नवशिके बहुतेक वेळा झाडाच्या बुंध्याशी जाऊन मान वर करून उभे राहतात. तिथून फक्त पानांची खालची बाजू दिसते. झाडापासून पंधरा-वीस मीटर मागे सरा.

आणखी एक अडचण म्हणजे नक्कल. शिट्ट्या, किरकिर, घरघर असे नाना आवाज त्याच्या भात्यात आहेत आणि कोतवालासारख्या इतर पक्ष्यांचे आवाजही तो उचलतो. ऐकलेल्या प्रत्येक अनोळखी शिळेचं खापर त्याच्यावर फोडू नये, पण पानझडी रानात सकाळी एखादी शीळ ओळखू येत नसेल तर सुभगाचा विचार आधी करावा.

मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावलं तर चालेल का?

नाही. विणीच्या दिवसांत नराला तो आवाज दुसऱ्या नराचा वाटतो. तो खाणं, घरटं सोडून हद्द राखायला येतो आणि समोर कोणीच नसल्यामुळे तिथेच घुटमळत राहतो. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर तेवढा वेळ त्याचा वाटा मादीवर पडतो. आवाज ओळखायला शिकायचा असेल तर रेकॉर्डिंग घरी ऐका, रानात फक्त कान उघडे ठेवा.

हवेत पिसं फुलवून गोल गोल खाली येणारा पक्षी सुभगच का?

हो, ते नराचं प्रणयनृत्य. तो फांदीवरून थोडा वर उसळतो, अंगावरची पिसं फुलवतो, विशेषतः पाठीच्या खालच्या भागावरची लांब, रेशमी, पांढुरकी-हिरवट पिसं, आणि गिरक्या घेत पुन्हा बसल्या जागी उतरतो. उतरताना बेडकासारखी बारीक घरघर ऐकू येते. त्या दोन-तीन सेकंदांत तो पक्षी न वाटता कापसाचं हिरवट बोंड वाटतो. फांदीवर टेकल्यावर शेपटी पसरून, पंख खाली सोडून बसतो. कधी दोन नर एकमेकांचा पाठलाग करतानाही असं फुलतात. पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर उघडीप मिळाली की त्या सकाळी हे पाहायला मिळण्याची शक्यता चांगली असते.

वीण कधी होते?

भारताच्या मोठ्या भागात मे ते सप्टेंबर, म्हणजे मुख्यतः पावसाच्या आगेमागे. तेव्हा पालवीवर अळ्यांचा सुकाळ असतो आणि पिल्लांना मऊ खाणं लागतं. पावसाचं वेळापत्रक बदललं की विणीचे दिवसही पुढेमागे होतात.

घरटं कसं असतं आणि कुठे असतं?

छोटी, नेटकी, पातळ भिंतींची वाटी. आतला खळगा साधारण पाच सेंमी रुंद. बहुतेक घरटी जमिनीपासून २ ते ४ मीटरवर, डहाळीच्या बेचक्यात किंवा आडव्या बारीक फांदीवर असतात. कधी बरीच वरही सापडतात.

सुभगाच्या घरट्याचा खरा आधार कोळ्याचं जाळं. मऊ गवताच्या काड्या आणि बारीक तंतू यांची वाटी बनते, आणि तिला बाहेरून कोळिष्टकांचा जाड लेप दिलेला असतो. पक्षी चोचीत जाळ्याचा गोळा आणतो, तो फांदीला घासून चिकटवतो आणि ताणून पलीकडच्या बाजूला नेतो. असे वेढे पडले की घरटं फांदीला घट्ट बसतं. मग आत बसून, छाती दाबत, जागच्या जागी फिरत वाटीला आकार येतो. या साहित्याचे फायदे अनेक. जाळं वजनाला नगण्य, चिकट आणि ताणलं तरी न तुटणारं. वाऱ्याने डहाळी वाकली तरी घरटं तडकत नाही, पिल्लं वाढली की भिंती थोड्या सैल होतात, आणि बाहेरचा करडा-पांढुरका रंग फांदीच्या सालीशी इतका जुळतो की दोन हातांवरून ती गाठच वाटते.

घरटी वाया जातात ती बहुतेक तीन कारणांनी. पहिलं, शिकारी: कावळे, भारद्वाज, साप, सरडे. दुसरं, सोसाट्याचा वारा आणि सलग पाऊस. तिसरं कारण माणूस. ऐन पावसाळ्यात केलेली फांद्यांची छाटणी हे यातलं सगळ्यात टाळण्याजोगं नुकसान आहे. छाटणी विणीआधी, हिवाळ्यात उरकावी. पावसाळ्यात फांदी धोकादायक झाली म्हणून तोडावीच लागली तर आधी दहा-पंधरा मिनिटं दूर उभं राहून पाहा. चोचीत अळी किंवा जाळं घेऊन एखादा पक्षी वारंवार त्याच फांदीकडे जात असेल तर तिथे घरटं आहे.

अंडी किती आणि कोण उबवतं?

दोन ते चार. रंग फिकट गुलाबीसर पांढरा, त्यावर जांभळट-तपकिरी डाग. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने उबवतात आणि सुमारे १४ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लांना भरवण्याचं कामही दोघांचं.

उबवणारा पक्षी घरट्यात इतका घट्ट बसतो की कडेवरून फक्त चोच आणि शेपटी दिसते. माणूस जवळ आला तरी तो हलत नाही. ‘त्याला आपली भीती वाटत नाही’ असा अर्थ यातून काढू नका. हललं तर घरटं उघडं पडेल, म्हणून तो गोठून बसलेला असतो.

सुभगाच्या घरट्यातही कोकीळ अंडं घालतो का?

आमराईत ओरडणारा नेहमीचा कोकीळ नाही, तो कावळ्यांच्या घरट्यांवर असतो. सुभगाच्या घरट्यात ‘बँडेड बे कुक्कू’ नावाने ओळखली जाणारी तांबूस, अंगभर बारीक पट्टे असलेली लहान कोकिळा अंडं घालते. तिच्या जातीची चार स्वरांची स्पष्ट शीळ रानात ऐकू आली तर जवळपास सुभग असण्याचा संभव असतो. आपल्याहून मोठ्या पिल्लाला सुभग भरवताना दिसला तर मध्ये पडू नका. पिल्लू काढून टाकणं हा न्याय नाही, हस्तक्षेप आहे, आणि संरक्षित पक्ष्याला केलेली इजाही आहे.

तो काय खातो?

कीटक, त्यांची अंडी, अळ्या आणि कोळी. पानाची खालची बाजू, गुंडाळलेली पानं, सालीच्या फटी तो चोचीने तपासत जातो. सुरवंट सापडला की फांदीवर आपटून मऊ करतो. विणीचे दिवस सोडले तर तो चष्मेवाले, वल्गुली, निखार, नाचण, शिंपी यांच्या मिश्र टोळीत सामील होतो. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिक्रा आला तर पाहणारे डोळे जास्त असतात. हिवाळ्यात सुभग शोधायचा सोपा मार्ग म्हणजे अशी टोळी गाठून तिच्यातला प्रत्येक पक्षी तपासणं.

बागेत त्याला कसं आणता येईल? दाणे ठेवले तर येईल का?

दाण्यांना तो येणार नाही, तो धान्य खात नाही. त्याला अळ्या असलेली झाडं हवीत. बाभूळ, कडुनिंब, चिंच, शिरीष, करंज, बोर अशी देशी झाडं लावा, शक्यतो एकमेकांना फांद्या लागतील इतक्या अंतरावर, कारण उघडी जागा ओलांडण्यापेक्षा तो फांदीवरून फांदीवर जाणं पसंत करतो. एकट्या झाडापेक्षा तीन-चार झाडांची सलग ओळ बरी.

कीटकनाशक फवारू नका. पानं खाल्लेली दिसली की फवारणी होते, आणि नेमकी ती पानं खाणारी अळीच पिल्लांच्या तोंडात जाणार असते. फवारल्यावर मरणाऱ्या अळ्या संथ होतात, सहज सापडतात, आणि विषासकट घरट्यात पोचतात. झाडांवरची आणि कुंपणावरची कोळिष्टकंही विणीच्या दिवसांत झाडून काढू नका. पाणी ठेवायचं तर पसरट भांड्यात, तीन ते पाच सेंमी खोल, झाडाच्या सावलीत, पण मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून दोन मीटर तरी लांब. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात आणि पक्ष्यांत रोग पसरतात.

घरट्याचे फोटो काढावेत का?

काढू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. घरटं छान दिसावं म्हणून पुढची दोन पानं बाजूला बांधली किंवा डहाळी तोडली, की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर पडतं आणि वरून जाणाऱ्या कावळ्याला घरटं दिसू लागतं. फोटोग्राफर निघून जातो, भोक तसंच राहतं. माणसाच्या वासाने पक्षी घरटं सोडतात हा समज खरा नाही, पण माणसांच्या वारंवार येण्याजाण्याने पक्षी घरट्यापासून दूर राहतो आणि अंडी गार पडतात, हे खरं आहे. घरटं अचानक समोर आलंच तर न थांबता पुढे जा आणि त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

पिल्लू जमिनीवर सापडलं तर काय करायचं?

आधी त्याची पिसं पाहा. अंगभर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते घरट्याबाहेर पडण्याच्या वयाचं पिल्लू आहे. आईबाप जवळपास असतात आणि जमिनीवरही त्याला भरवतात. मांजर-कुत्रं असेल तर फक्त जवळच्या झुडपात, डोक्याच्या उंचीच्या फांदीवर ठेवा आणि तिथून दूर व्हा. तुम्ही तिथे उभे असाल तोवर आईबाप येणार नाहीत.

अंग उघडं आहे किंवा पिसांचे नुसते कोंब आलेत, तर ते घरट्यातून पडलं आहे. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. नसेल तर भोकं पाडलेल्या छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, खोकं अंधारात, उबदार, शांत जागी ठेवा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. दूध, पोळी, भात, ब्रेड यांतलं काहीही देऊ नका. चोचीत पाण्याचे थेंब सोडू नका: पिल्लाची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते आणि पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. कीटक खाणारी पिल्लं दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खातात, त्यामुळे ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणणं त्याच्या जिवावर बेततं.

सुभग पाळता येतो का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतातले रानपक्षी पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे.

त्याची संख्या धोक्यात आहे का?

जागतिक पातळीवर नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. पण एखाद्या परिसरातून तो नाहीसा होऊ शकतो: बांधावरच्या बाभळी गेल्या, फवारणी वाढली, की त्या शिवारात शीळ ऐकू येईनाशी होते. असा बदल नोंदींशिवाय लक्षात येत नाही.

नोंद ठेवायची तर काय लिहायचं?

तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं पाहिलं, किती चाललात, आणि किती पक्षी. नुसता ऐकलेला असेल तर तसं लिहा, ती नोंद पूर्णपणे ग्राह्य असते. नर, मादी, नाचणारा नर, चोचीत जाळं, चोचीत अळी, आखूड शेपटीचं पिल्लू, यांतलं जे दिसलं ते वेगळं नोंदवा, कारण वीण कधी सुरू झाली आणि कुठवर आली हे त्यावरूनच कळतं. त्याच वाटेने दर आठवड्याला, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत फिरलात तर एका वर्षाच्या नोंदी दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येतात. सुभग दिसला नाही त्या दिवशीही फेरीची नोंद करा, इतर सगळे पक्षी लिहून.